कंप्रेसरची हवा जाते कुठे: डिचोलीच्या मागच्या पडवीतल्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

चवथ यंदा २७ ऑगस्टला, म्हणजे मखर आणि दोन चौरंगांचं फिनिशिंग त्याआधी उरकायचं आहे, आणि पडवीतला कंप्रेसर मात्र कोणी हात लावलेला नसतानाही दर थोड्या वेळाने आपला आपण धडधडायला लागतो. दुपारी आई पडते तेव्हा तर हमखास. तिचं म्हणणं "ते भूत बंद कर आधी." बंद करून ठेवता येतो, पण मग काम करताना तेच, गन हातात घेऊन दहा मिनिटं बसलं की पाव टाकी रिकामी.

सेटअप असा: ५० लिटरची टाकी, २ एचपी मोटर, ८ बारला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) कट होतो आणि ६ बारला परत सुरू होतो. टाकीनंतर एक बॉल व्हॉल्व्ह, मग दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर, मग काळा रबरी होज, त्याला पुढे टी, आणि टी पासून दोन टोकं, एक स्प्रे गनला आणि एक नेलरला, म्हणजे हवेवर खिळे मारायच्या गनला. मध्ये मध्ये मागच्या मालकाने लावलेले निपल, बुश, रिड्यूसर असे जोडणीचे बरेच तुकडे. मोजले तर टाकीपासून गनपर्यंत चौदा जोड आहेत, आणि त्यातला प्रत्येक जोड हवा जायची एक जागा. माझं मत आधीच सांगून ठेवतो, नुसत्या क्लिपा आवळत बसायचं नाहीय मला, जोड कमी करायचेत.

सामान आणायच्या आधी गळती किती आहे ते मोजलं. टाकी ८ बारला भरली, मोटरचं बटण बंद, आणि अर्धा तास तसंच ठेवलं. हे ठेवणं महत्त्वाचं, कारण दाबलेली हवा गरम असते आणि थंड होताना काटा आपोआप खाली येतो, ती गळती नव्हे. मग काटा परत ८ वर आणला आणि घड्याळ लावलं. ६ वर यायला ११ मिनिटं. हिशोब सोपा आहे, ५० लिटरची टाकी गुणिले २ बार म्हणजे साधारण १०० लिटर मोकळी हवा, भागिले ११, मिनिटाला ९ लिटर. पुढचा टप्पा म्हणजे टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून परत तेच, आता ८ वरून ६ ला ४० मिनिटं. म्हणजे टाकीच्या बाजूची गळती मिनिटाला अडीच लिटर, आणि बाकीची साडेसहा होज आणि फिटिंगमधून. चोर दोन आहेत एवढं तरी कळलं.

वीजबिलाचाही हिशोब करून बघितला, फार काही नाही निघत, मोटर एकेका वेळी मिनिटभरच चालते. खरा त्रास आवाजाचा, आणि दुसरा पाण्याचा. पाण्याचं उद्या लिहितो, जेवायला बोलावतायत.

२१ जुलै

पाण्याचं. आत्ता पावसात आपल्याकडे हवा इतकी ओली की २८ डिग्रीला नव्वद टक्के आर्द्रता धरली तर एक घनमीटर हवेत साधारण २४-२५ ग्रॅम वाफ असते. ती हवा ८ बारला दाबली की जागा नवव्या हिश्शाची होते (काट्यावरचे ८ आणि बाहेरच्या हवेचा मूळचा एक, मिळून नऊ), आणि थंड झाल्यावर त्या नवव्या हिश्शात मावेल तेवढीच वाफ राहते, म्हणजे तीन ग्रॅम. बाकीचे वीस-एकवीस ग्रॅम टाकीच्या तळाला पाणी होऊन बसतात. आता मिनिटाला ९ लिटर गळती म्हणजे तासाला ५४० लिटर, म्हणजे मी काही काम न करता, नुसती गळती भरून काढायला टाकीत तासाला अकरा-एक ग्रॅम पाणी येतंय. बटण चालू ठेवून दिवसभर इकडे तिकडे गेलं तर पेलाभर. फिटिंगमधून हवा जाते आणि बदल्यात पाणी आत येतं, असा हा सौदा.

२२ जुलै

संध्याकाळी साबणाचं पाणी. भांडी घासायचं लिक्विड एक भाग, पाणी तीन-चार भाग, जुना रंगाचा ब्रश. फवारून मारण्यापेक्षा ब्रशने लावलेलं बरं, फेस आधीच होत नाही, त्यामुळे जो फेस होतो तो हवेचा. मोठी गळती बुडबुडे उडवते, ती लगेच दिसते. बारीक गळती वेगळी, जोडावर पांढरा, अगदी बारीक दाण्याचा फेस हळूहळू वर चढतो, आणि ते दिसायला मिनिटभर टॉर्च धरून बघत राहावं लागतं. घाईत ब्रश फिरवून पुढे गेलात की हीच गळती सुटते.

कानाने शोधायचं तर पावसाचा पत्र्यावरचा आवाज मध्ये येतो. शेजारचे काका कुंडईच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर, ते छत्री घेऊन आले, हातभर होजचा तुकडा उचलला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक जोडांवरून फिरवत गेले. "हा बघ, इथे. ब्रश आण." बरोबर तिथेच फेस. मी "काका, आता माझ्या हातात द्या तो तुकडा" म्हटलं तर म्हणाले, "थांब रे, रेग्युलेटर राहिलाय."

सापडलं ते असं. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक, चांगलाच. रेग्युलेटरच्या पुढचा निपल. होजच्या दोन्ही टोकांच्या जुबली क्लिपा, म्हणजे स्क्रूने आवळायच्या पट्ट्या. टी च्या एका बाजूचा बुश. नेलरचा कपलर (पटकन जोडायचा-सोडायचा जोड), तो तर हलवला की फुसफुसतो. आणि होज स्वतः? मधे कुठेही एक बुडबुडा नाही. आमच्या भाच्यासकट सगळे "होजच बदल, जुना झालाय" म्हणत होते.

२५ जुलै, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. शुक्रवारी तिकडे गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नवस फळणं, पण ऑफिसचं काम तिथेच होतं म्हणून गेलो. हार्डवेअरच्या दुकानात "कितें जाय?" म्हटल्यावर मी आधी कागद दाखवला. इथे एक गोष्ट, काउंटरवर इंचात कमी आणि सुतात जास्त बोलतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश, चार सूत म्हणजे अर्धा. आणि कपलरचं वेगळंच, तिथे नंबर आणि अक्षरं. २० म्हणजे पाव इंची सिरीज, ३० तीन सुतवाली, ४० अर्ध्या इंचाची. एस म्हणजे सॉकेट, पी म्हणजे प्लग, आणि पुढचं अक्षर मागच्या टोकाचं, एम असेल तर बाहेरचे आटे, एफ असेल तर आतले, एच असेल तर होज घालायचं टोक. म्हणजे २० एसएम मागितलं की पाव इंची बाहेरच्या आट्यांचं सॉकेट मिळतं. ही जपानी पद्धतीची सिरीज आपल्याकडे सगळीकडे मिळते, आणि २०-३०-४० चे प्लग एकमेकांच्या सॉकेटमध्ये बसतात, त्यामुळे मी ठरवलं की घरात ही एकच जात ठेवायची. आत्ता माझ्याकडे तीन जातींचे प्लग आहेत, दिसायला सारखे, "बसतात" पण नीट बसत नाहीत, आणि नेलरचा फुसफुसणारा कपलर त्यातलाच.

पितळी घेतले, पॉलिश केलेले लोखंडी नाही. खिशात चुंबक घेऊन गेलो होतो. दुकानदार हसला, पण एक "पितळी" निपल चुंबकाला चिकटल्यावर त्यानेच तो बाजूला ठेवला. आपल्या हवेत त्या लोखंडी मालाचा मुलामा दोन पावसाळे टिकत नाही, मग आटे गंजून असे धरतात की काढताना टाकीचाच सॉकेट पिळवटतो.

आणलं: पाव इंची बॉल व्हॉल्व्ह, एल्बो, लांब निपल, डाऊटी वायसर, दोन कानांच्या होज क्लिपा, २० सिरीजचे प्लग-सॉकेट, आणि एक पितळी मॅनिफोल्ड, एक इन तीन आउट.

२७ जुलै, रविवार

आधी टाकी. कुठलाही जोड सोडायच्या आधी हवा पूर्ण काढायची, काटा शून्यावर आला तरी सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून बघायची, कारण काट्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. रिंग ओढून सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे हेही त्यातच तपासून होतं.

ड्रेन कॉक उघडला तर थोडं पाणी आलं आणि थांबलं, भोक गंजाने बुजलेलं. कॉक पूर्ण काढला, टाकी एका बाजूला कलती केली, आणि मग जे बाहेर आलं ते कोकमाच्या आगळासारखं, तांबूस-काळं, दाट. लिटरभर तरी असेल. शेवटी गंजाच्या पापुद्र्या. त्यातलीच एक पापुद्री कॉकच्या सीटवर, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो तिथे, बसली होती, कॉक कितीही आवळला तरी बंद होणारच नव्हता. उजेडात धरला तर सीटच्या पितळेवर तिचा चरा दिसतो, केसाएवढा. मिनिटाला अडीच लिटरमधले बहुतेक तिथूनच.

टाकीच्या आत टॉर्च टाकून बघितलं. वरवरचा गंज आहे, खड्डे दिसत नाहीत, बाहेरून तळाला हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर आवाज सगळीकडे सारखा. यावर भरवसा किती ठेवायचा? काका म्हणाले कारखान्यात टाक्यांची पाण्याच्या दाबाने टेस्ट करून घ्यायचे, ओळखीचा माणूस आहे, चवथ झाली की नेऊया. ते लिहून ठेवलं.

कॉकच्या जागी आता लांब निपल, एल्बो, आणि बॉल व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला बाहेर काढला. याने जोड वाढले हे मान्य, पण आता खाली वाकून, झोपून कॉक शोधावा लागत नाही, त्यामुळे पाणी रोज निघेल. जे हाताशी नसतं ते कोणी करत नाही. टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांवर, आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन-चार वेढे, आणि तोंडाचा पहिला आटा मोकळा ठेवायचा. नाहीतर टेपचे तुकडे पुढे जाऊन गनच्या नोझलमध्ये अडकतात.

टाकीनंतरचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवून टेस्ट: ८ वरून तासाभरात साडेसात. मिनिटाला अर्ध्या लिटरच्याही खाली. तिथे अजून काहीतरी बारीक आहे, बघू.

२९ जुलै

नागपंचमी. आज काही चिरायचं, कापायचं नाही, त्यामुळे होज कापायचं काम आईने पुढे ढकललं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्ल्या, तेवढंच काम.

२ ऑगस्ट, शनिवार

होजची टोकं. दोन्हीकडून बोटभर लांबीचा तुकडा कापून टाकला, जिथे जुन्या क्लिपांनी रबर चिरडलं होतं. बाकी होज लवचिक आहे, वाकवला तर चिरा पडत नाहीत, त्यामुळे तोच ठेवला.

जुबली क्लिप मोठ्या पाईपला ठीक, या तीन सुताच्या होजला नाही. स्क्रूचं घर जिथे असतं तिथे पट्टी गोल बसत नाही, सरळ राहते, आणि बरोबर त्या जागी होजवर दाब कमी पडतो. साबणाचा फेस नेमका तिथूनच, स्क्रूच्या खालून येत होता, दोन्ही टोकांना. मग लोक काय करतात, अजून आवळतात, पट्टीच्या कडा रबरात घुसतात, दोन महिन्यांनी परत तेच. दोन कानांची क्लिप पक्कडीने दाबली की चारही बाजूंनी सारखी आवळते. एकदा दाबली की परत वापरता येत नाही, पण ती काढायची वेळ तरी कुठे रोज येते. होजच्या आत साबणाचं पाणी लावलं तर निपल सरळ सरकतो, तेल लावायचं नाही, ते रबर खातं आणि पुढे रंगात जातं.

टी पूर्ण काढून टाकला. त्याच्याबरोबर दोन बुश, एक रिड्यूसर, आणि कशासाठी होता ते कोणालाच माहीत नसलेला एक सॉकेट. डब्यात टाकलं सगळं.

शेजारून एक सल्ला आला की घराच्या प्लंबिंगचा पीव्हीसी पाईप उरलाय, भिंतीवरून तोच फिरव, फुकटात लाईन होईल. नको म्हटलं. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे पाण्याचा पाईप फुटला की चिळकांडी उडते आणि दाब संपतो. हवा नऊपट दाबलेली असते, पाईप तडकला की ती एका क्षणात फुगते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे घेऊन सुटते. पाईपावर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठीचा असतो, हवेसाठीचा नव्हे. काकांनी पण मान हलवली, आणि ते सहसा माझ्या बाजूने मान हलवत नाहीत.

३ ऑगस्ट

मॅनिफोल्ड भिंतीवर लावायचा होता. आमची भिंत चिऱ्याची, आणि मागच्या बाजूचा चिरा इतका भुसभुशीत की ड्रिल लावलं की भोक गोल न होता ढासळतं, प्लास्टिकचा प्लग नुसता फिरत राहतो. म्हणून फणसाची फळी घेतली, ती चिऱ्यांच्या मधल्या सिमेंटच्या सांध्यात चार ठिकाणी धरली, आणि मॅनिफोल्ड फळीवर. कपलर ओढला-ढकलला तरी हलत नाही.

मॅनिफोल्डचे आतले आटे सरळ आहेत, निमुळते नाहीत. इथे टेप लावून उपयोग नाही, सरळ आट्यांमध्ये हवा थांबते ती वायसरवर. डाऊटी वायसर म्हणजे धातूची रिंग आणि आतल्या कडेला चिकटवलेलं रबर, सॉकेटचा खांदा त्यावर बसला की थोडंसंच आवळायचं. हे फारसे कोणी वापरत नाहीत, वेढ्यांवर वेढे टेप मारून वेळ मारून नेतात.

आता नेलर. तो बाहेरून मागवलेला, त्याच्या आट्यांची गोष्टच वेगळी. आपल्याकडचा पाव इंची आटा इंचाला १९, कोन ५५ डिग्री. त्याचा अमेरिकन, इंचाला १८, कोन ६०. पहिले दोन-तीन वेढे हाताने छान फिरतात, म्हणून वाटतं बसला, मग अडकतो, मग माणूस पान्हा घेतो. चार सुताला तर अजून फसवं, तिथे दोन्हीकडे इंचाला १४, फक्त कोन आणि मापात थोडा फरक, त्यामुळे बरंच आत जातो आणि गळतो. नेलरवर जबरदस्ती केली नाही, एका बाजूला अमेरिकन आणि दुसऱ्या बाजूला आपला आटा असलेला अडॅप्टर ऑनलाइन मागवला. म्हापशात विचारलं होतं, नाही मिळाला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला बहीण आली, भाचा पडवीत. अडॅप्टर आला होता, त्यानेच बसवला, टेपही बरोबर दिशेने मारली. नेलर गप्प.

१० ऑगस्ट

टाकीनंतरचा बॉल व्हॉल्व्ह उघडा ठेवून पूर्ण टेस्ट. ८ वरून ७ ला ५५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ०.९ लिटर. नऊवरून पॉइंट नऊ. आता उरलेलं शोधायला बसलो तर ब्रशवर काहीच दिसेना, सगळे जोड कोरडे ठणठणीत. रेग्युलेटरच्या टोपीला एक बारीक भोक असतं, तिथे साबणाचा थेंब ठेवला तर तो फुगला. दाब कमी करताना तिथून हवा निघते ते बरोबर आहे, पण नॉब न फिरवता सतत निघत असेल तर आत काहीतरी नीट बसत नाहीय. खोलला, व्हॉल्व्हच्या सीटवर तसलीच तांबूस धूळ, पुसली, डायफ्रॅम ठीक होता, बंद केला. भोक शांत. टाकीतला गंज एवढा लांब प्रवास करत असेल असं वाटलं नव्हतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी, म्हणून टाकीकडची उरलेली बारीक गळती. मोटर थांबली की प्रेशर स्विचखालून (दाबाप्रमाणे मोटर चालू-बंद करतो तो) फुस्स होतं, ते एक-दोन सेकंदाचं असेल तर ते हवंच, पंपापासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा सोडून देतो तो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला रिकामं सुरू होता येतं. पण आमचं फुस्स संपतच नव्हतं, अगदी हलकं, होजचा तुकडा कानाला लावूनच ऐकू येणारं. लोक इथे प्रेशर स्विच बदलतात. स्विचचा दोष नसतो बहुतेक वेळा, टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, ज्याने हवा टाकीतच अडवायची, तो हवा मागे सोडतो आणि ती बिचाऱ्या स्विचमधून बाहेर पडते. खात्री करायची तर मोटर बंद असताना बारीक नळी स्विचकडून सोडून बघायची, हवा नळीतूनच येत असेल तर दोषी नॉन रिटर्न.

हवा काढून व्हॉल्व्ह खोलला. आत रबरी चकती आणि स्प्रिंग. चकतीवर काजळीचा गोल, आणि सीटवर एका जागी कोळसा चिकटलेला, पंपाचं तेल गरम होऊन जळतं त्याचा. लाकडाच्या काडीने खरवडला, स्क्रूड्रायव्हरने नाही. चकती उलटी केली, दुसरी बाजू सपाट होती.

रात्री ८ बारला भरून बटण बंद. सकाळी, दहा तासांनी, ७. मिनिटाला एका पेल्याच्याही खाली. इथे मी थांबतो, यापुढे शोधत बसणं म्हणजे हौस.

१७ ऑगस्ट, रविवार

गन लावून प्लायच्या तुकड्यावर लॅकर मारून बघितलं. थेंब थुंकत नाही आता, खड्डे पडत नाहीत. पण लॅकर पांढुरकं मात्र पडलं, आणि भाचा म्हणाला, "मामा, एवढं करून काय उपयोग झाला मग?" हे दोन वेगळे आजार आहेत. थुंकणं आणि खड्डे होजमधल्या पाण्याचे. पांढरं पडणं बाहेरच्या हवेचं, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि पडवीतला दमटपणा त्यावर बसतो. त्याला फिटिंग बदलून काही होत नाही, थिनर हळू उडावा म्हणून त्यात रिटार्डर घालायचा, नाहीतर पाऊस उघडलेली दुपार बघायची. रिटार्डर घालून परत मारलं, पांढरं गेलं, सुकायला वेळ लागला फक्त.

मखराला पहिला कोट उद्या. जोड आता टाकीपासून गनपर्यंत सहा. टायर फुगवायच्या गनचा प्लग अजून जुन्या जातीचा आहे, तो बदलायचा, आणि डब्यातलं काढलेलं पितळ भंगारवाला आला की द्यायचं, त्यातला रिड्यूसर काकांनी आधीच खिशात घातलाय.